ईमेलचा सर्व्हर घरात ठेवावा का?

तारमास्तर, मालाड

२०१९ पासून माझे संकेतस्थळ आणि माझा ईमेल ही दोन्ही आमच्या मालाडच्या घरातून, दारामागच्या चपलांच्या कपाटावर ठेवलेल्या रास्पबेरी पाय नावाच्या एका छोट्या संगणकावरून चालतात. पत्त्यांच्या कॅटाएवढे हे यंत्र जेमतेम ५ वॅट वीज घेते, म्हणजे महिन्याकाठी साडेतीन युनिटच्या आसपास. त्यामुळे खर्चाचा प्रश्न घरात कोणी काढत नाही. संकेतस्थळावर आजोबांच्या कीर्तनाच्या वह्यांची स्कॅन केलेली पाने आहेत आणि ती वाचणारे पन्नासेक लोक मला पुरेसे आहेत.

मेल पोहोचवण्याची एसएमटीपी ही पद्धत जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली लिहून प्रसिद्ध केली, तेव्हा त्यात मोठी कंपनी आणि घरचे यंत्र असा भेद नव्हता. ज्याच्याकडे यंत्र आणि पत्ता, तो आपल्या दारचा पोस्टमास्तर. आज आपण सगळे दोन-तीन कंपन्यांच्या दारात पत्रे घ्यायला उभे आहोत. ज्यांना ही विद्या येते त्यांनी तरी हौस म्हणून मेलचा सर्व्हर, म्हणजे मेल घेणारे-पाठवणारे यंत्र, घरी चालवावा, असे माझे मत आहे. विरोधी मते अवश्य मांडावीत.

परळकर

तारमास्तर, संकेतस्थळापर्यंत मी तुमच्याबरोबर आहे, मेलच्या बाबतीत अजिबात नाही. पोटापाण्यासाठी मी दिवसभर दुसऱ्यांचे मेल सर्व्हर सांभाळतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. संकेतस्थळ बंद पडले तर वाचकाला ते दिसते आणि तो उद्या परत येतो. पाठवलेला मेल स्पॅमच्या खणात जाऊन पडला तर ते पाठवणाऱ्यालाही कळत नाही आणि घेणाऱ्यालाही नाही.

घरच्या जोडणीवरून मेल पाठवताना पहिली अडचण पोर्ट २५ ची, म्हणजे ज्या क्रमांकाच्या दारातून मेल एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे जातो त्या दाराची. व्हायरस लागलेल्या घरगुती संगणकांतून कचरा बाहेर पडू नये म्हणून इंटरनेट देणारे अनेकजण ते बंदच ठेवतात. ते उघडे असले तरी आयपी पत्त्यावरून, म्हणजे जोडणीच्या इंटरनेटवरील क्रमांकावरून, यंत्राचे नाव सांगणारी उलटी नोंद (पीटीआर) तुमच्या हातात नसते, ती जोडणी देणाऱ्याच्या हातात असते, आणि केबलवाल्याला फोन करून ‘पीटीआर बदलून द्या’ म्हटले की पलीकडे शांतता पसरते. शिवाय स्पॅमवर नजर ठेवणारी स्पॅमहॉस ही संस्था घरगुती जोडण्यांच्या पत्त्यांची एक यादीच ठेवते. या पत्त्यांवरून थेट मेल येणे अपेक्षित नाही, एवढेच ती सांगते आणि तेवढ्यावर समोरचा सर्व्हर दार लावून घेतो. फेब्रुवारी २०२४ पासून तर जीमेलला मेल पाठवणाऱ्या प्रत्येकाकडे एसपीएफ किंवा डीकेआयएम (मेल खरोखर त्याच नावाकडून आला हे पटवणाऱ्या खुणा) यांपैकी एक आणि नीट जुळणारी उलटी नोंद असलीच पाहिजे.

हे सगळे जुळवूनही मी स्वतः फसलो आहे. वडिलांच्या शस्त्रक्रियेनंतर विम्याच्या दाव्याची कागदपत्रे मी माझ्या घरच्या सर्व्हरवरून पाठवली. नोंदवहीत ‘२५०’ म्हणजे ‘स्वीकारले’ असे स्वच्छ लिहिलेले होते. सतराव्या दिवशी फोन केला तेव्हा पलीकडून उत्तर मिळाले की असा मेल आलेलाच नाही, आणि बरीच विनवणी केल्यावर तो स्पॅममध्ये सापडला. त्या रात्री माझा सर्व्हर बंद झाला.

तारमास्तर, मालाड

परळकर, तुमचा अनुभव खरा आहे, पण तो पाठवण्याचा आहे. घेण्याच्या बाजूने ही पद्धत फार सोशिक आहे. तुमचे यंत्र सापडले नाही तर पाठवणारा सर्व्हर मेल रांगेत ठेवतो आणि निदान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करत राहावे, असे त्या नियमांतच सुचवलेले आहे. १२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी सगळ्या मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. माझे यंत्रही तास न तास मेलेले होते. वीज आल्यावर मी कपाटाजवळ उभा राहून पाहत होतो: हिरवा दिवा लागला, आणि सकाळपासूनचे मेल पाठोपाठ येत गेले, एकही हरवला नाही.

पाठवण्यासाठी मी आता एका बाहेरच्या रिले सेवेचा, म्हणजे माझे मेल आपल्या सर्व्हरवरून पुढे पाठवणाऱ्या कंपनीचा, आधार घेतो, हे कबूल करतो.

परळकर

म्हणजे पत्र घरी लिहायचे आणि टाकायला कंपनीच्याच पेटीत जायचे. मग दोन-तीन कंपन्यांच्या दारातून सुटका कुठे झाली?

बोरिवलीचा विद्यार्थी

आपण दोघे वडीलधारे आहात, तरी एक सांगतो. आमच्या घराला स्वतःचा आयपी पत्ताच नाही. राउटर उघडला की १००.६४ ते १००.१२७ या टप्प्यातला पत्ता दिसतो. हा टप्पा २०१२ साली खास एकच बाहेरचा पत्ता अनेक ग्राहकांत वाटता यावा म्हणून राखून ठेवला गेला. बाहेरून कोणी हाक मारली तर ती आमच्या दारापर्यंत येतच नाही. आशिया-पॅसिफिकच्या वाट्याचे जुने (आयपीव्ही४) पत्ते एप्रिल २०११ मध्येच जवळजवळ संपले होते, त्यामुळे स्टॅटिक आयपीला, म्हणजे कायम आपल्याकडेच राहणाऱ्या पत्त्याला, वेगळे पैसे मागतात आणि ते मला परवडत नाहीत. आयपीव्ही६ या पत्त्यांच्या नव्या पद्धतीवर मी संकेतस्थळ चालवतो, पण ज्याच्याकडे आयपीव्ही६ नाही त्याला ते दिसत नाही. हौसेला मोल नसते असे म्हणतात, इथे दरमहा आहे.

ठाण्याची गृहिणी

आपल्या चर्चेत घरातली बाकीची माणसे कुठेच नाहीत, म्हणून लिहिते. आमच्याकडे यजमानांना हीच हौस आहे. डोमेन, म्हणजे पत्त्यातले @ नंतरचे नाव, आमच्या आडनावाचे आहे आणि सासूबाईंसकट चौघांचे पत्ते त्यावर आहेत. गेल्या पावसाळ्यात ते कामासाठी चेन्नईला असताना केबलवाल्याच्या मुलाने भिजलेला राउटर बदलून नवा लावला. त्याने आमच्या सोयीसाठीच केले. पण जुन्या राउटरमध्ये पोर्ट ८०, म्हणजे संकेतस्थळाचे दार, सर्व्हरकडे वळवलेले होते, ते नव्यात नव्हते, म्हणून लेट्स एन्क्रिप्ट या सेवेचे, सर्व्हर खरा असल्याचे फोनला पटवणारे ९० दिवसांचे प्रमाणपत्र नवे होऊ शकले नाही, हे मला नंतर समजावून सांगण्यात आले. त्या वेळी मला दिसत होती ती फोनवरची लाल सूचना, आणि मुलीच्या प्रवेशाचा मेल त्याच पत्त्यावर यायचा होता. मी दोन तास फोनवर त्यांनी सांगितलेली अक्षरे काळ्या पडद्यावर टंकत बसले, मागे मिक्सर चालू आणि सासूबाई विचारत आहेत की गॅस बंद करू का.

हौस एकाची आणि भरवसा चौघांचा, याला मी हरकत घेते. तारमास्तर, उद्या तुम्हाला आठ दिवस रुग्णालयात राहावे लागले तर त्या चपलांच्या कपाटावरचे यंत्र घरात कोणाला उघडता येईल? पासवर्ड कुठे लिहून ठेवले आहेत का?

तारमास्तर, मालाड

ताई, परळकरांच्या मुद्द्यांना माझ्याकडे उत्तरे होती, तुमच्या प्रश्नाला नव्हते. काल रात्री मी सगळे पासवर्ड, डोमेनच्या नूतनीकरणाची तारीख आणि यंत्र बंद-चालू करण्याचा क्रम एका वहीत लिहून काढला आणि ती वही पत्नीच्या हाती दिली. तिने दोन पाने चाळली आणि सांगितले की बँकेचे, विजेच्या बिलाचे आणि मुलाच्या शाळेचे मेल तिने दोन वर्षांपूर्वीच जीमेलवर वळवून घेतले आहेत. मला वाईट वाटेल म्हणून बोलली नव्हती.

माझा स्वतःचा पत्ता मात्र मी घरीच ठेवणार आहे. वही कपाटात, पॅन कार्डांच्या फाईलखाली आहे.