सर्दीनंतर चार वर्षांच्या मुलीचा एक डोळा सुजून मिटला, सोमवारपर्यंत थांबू का?

मुलुंडची_आई
मुलगी ४ वर्षांची, वजन १४ किलो. आठवडाभर सर्दी, पिवळा घट्ट शेंबूड. कालपासून १०२ ताप. सकाळी उजवी पापणी लाल होती, आता डोळा उघडतच नाही. चिपडं अजिबात नाहीत. केमिस्टने "डोळे आलेत" म्हणून थेंब दिले. उद्या रविवार, डॉक्टर सोमवारी भेटतील.

बालरोग_परळ
ताई, थांबू नका, आत्ताच निघा. डोळे येतात तेव्हा चिपडं, पाणी, पांढरा भाग लाल असं दिसतं. सर्दी मुरलेली, ताप आणि एकच डोळा सुजलेला असेल तर सायनसचा (नाकाभोवतीच्या हाडांतल्या पोकळ्यांचा) संसर्ग डोळ्याच्या खोबणीत उतरल्याची शंका आधी घ्यायची. नाकाच्या मुळाशी असलेली इथमॉइड सायनस जन्मापासूनच असतात आणि त्यांच्या व डोळ्याच्या मधलं हाड कागदासारखं पातळ असतं.

कोणी रिक्षा बघेपर्यंत एवढं पाहा. बोट भुवईच्या हाडावर टेकवून पापणी हलकेच वर करा, डोळ्यावर दाब नको. खेळणं वर-खाली, डावी-उजवीकडे फिरवा. डोळा अडतो का, फिरवताना दुखतं का, मागे उभं राहून कपाळावरून पाहिल्यावर पुढे आलेला वाटतो का? यातलं एक जरी असलं तरी संसर्ग नुसता पापणीत नाही, खोबणीत आहे. पापणी उघडलीच नाही तर जबरदस्ती नको. तेवढ्यावरही दवाखाना गाठायचाच.

मुलुंडची_आई
वर बघताना रडते. नेऊ कुठे? तापाचं औषध देऊ?

बालरोग_परळ
मुलांचे, डोळ्यांचे, कान-नाक-घशाचे डॉक्टर आणि रात्री सीटी स्कॅन, हे सगळं एकाच जागी हवं. तुम्हाला हायवेने सायन हॉस्पिटल सरळ पडेल. गाडी मिळेना तर १०८.

पॅरासिटामॉल द्या, पण बाटली वाचून: ५ मिलीत २५० मिग्रॅ असेल तर ४ मिली, १२० असेल तर ८ मिली. ताप उतरला म्हणून निघणं रद्द करू नका. सीटीसाठी गुंगी द्यावी लागू शकते, म्हणून आता जेवण-दूध नको, पाण्याचे घोट चालतील. शेवटचं कधी खाल्लं ते सांगा आणि ते थेंब सोबत न्या. शेक देऊ नका, नाक जोरात शिंकरायला लावू नका.

कानघसा_दादर
पुढचं सांगतो. शिरेतून अँटिबायोटिक लगेच सुरू होतं, सीटीची वाट बघत नाहीत. सीटीत बघायचं ते हाड आणि डोळा यांच्यामध्ये पू साठलाय का. गळू आतल्या म्हणजे नाकाकडच्या बाजूला, लहान, आणि नजर चांगली असेल तर या वयात आधी २४ ते ४८ तास औषधावर ठेवून बघतात. तोवर नजर, बाहुली आणि डोळ्याची हालचाल दर काही तासांनी तपासायला हवी. कोणी तपासत नसेल तर मागे लागा, कारण दाब वाढून डोळ्याची नस दबली की गेलेली नजर परत येईलच असं नाही. नजर घटली, गळू मोठं असलं किंवा दोन दिवसांत उतार नसला तर पू काढतात. बहुतेक वेळा दुर्बिणीने नाकातूनच, बाहेर टाका नाही.

उलटी, ग्लानी, मान आखडणं किंवा दुसराही डोळा सुजू लागणं, यातलं काही दिसलं तर नर्सला त्याच क्षणी उठवा. संसर्ग मेंदूकडे सरकत असू शकतो.

घरी सोडल्यावर तोंडावाटे औषध चालू राहतं, एकूण साधारण २ ते ३ आठवडे. सूज ओसरली की बाटली बाजूला पडते आणि दुखणं उलटतं, तेव्हा कोर्स पूर्ण करा.