मदत हवी आहे : झेडएक्स ८१ वरील ‘फुटबॉल मॅनेजर’ मध्येच थांबतो

केव्हिन टॉम्स यांचा १९८२ चा ‘फुटबॉल मॅनेजर’ हा संगणकीय खेळ बहुतेकांना स्पेक्ट्रम या घरगुती संगणकामुळे आठवतो. मला मात्र त्याची झेडएक्स ८१ या त्याआधीच्या घरगुती संगणकावरील, सामन्याची हलती चित्रे नसलेली आणि म्हणूनच दुर्लक्षित राहिलेली आवृत्ती इम्युलेटरवर (जुन्या यंत्राची नक्कल करणाऱ्या प्रोग्रामवर) चालवायची आहे. मूळ कॅसेट मी ४४.१ किलोहर्ट्‌झ, मोनो अशी ध्वनिमुद्रित करून तिची फाइल तयार केली आहे. प्रोग्राम बेसिक या प्रोग्रामिंग भाषेत असल्याने त्याच्या ओळी पडद्यावर वाचता येतात, पण ‘रन’ दिल्यावर तो त्रुटी क्रमांक २, म्हणजे व्हेरिएबल (नाव देऊन साठवलेले मूल्य) सापडत नसल्याचा संदेश देऊन थांबतो.

इम्युलेटरमध्ये मेमरी १६ किलोबाइटच ठेवली आहे. टेपरेकॉर्डरच्या हेडचा स्क्रू फिरवून, आवाजाची पातळी बदलून चार वेळा नव्याने मुद्रण केले, तरी त्रुटी त्याच ओळीवर येते. दुसरी कॅसेट माझ्याकडे नाही आणि आयती फाइल नको, कारण मला हीच प्रत जतन करायची आहे.

झेडएक्स ८१ च्या टेपवर चेकसम (माहिती बिघडली का हे तपासण्यासाठीची बेरीज) नसतो, त्यामुळे एखादा बिट बिघडला तरी यंत्र तक्रार करीत नाही (ही काटकसर आता महागात पडते आहे). दुसरीकडे, ‘रन’ दिल्याने टेपसोबत साठवलेली व्हेरिएबल्स पुसली जातात, हेही मला उशिरा लक्षात आले. नव्याने लोड करून ‘गोटू १’ (व्हेरिएबल्स न पुसता ओळ १ पासून सुरू करण्याची आज्ञा) दिले, तर संघाची निवड विचारली जाते, पण नावांच्या जागी निरर्थक अक्षरे दिसतात.

चारही मुद्रणांच्या फाइली बाइटनिहाय ताडून पाहून, दोष टेपमध्ये आहे की मी चुकीच्या ओळीपासून सुरुवात करतो आहे, हे खात्रीने कसे ठरवावे?