विषय: सांगलीच्या फ्लॅटमधली पांढरी कपाटं

नमस्कार मंडळी,
आई-बाबांच्या विश्रामबागच्या फ्लॅटसाठी नवी मुंबईच्या आयकियातून 'बिली' नावाची पुस्तकांची दोन उघडी कपाटं मागवली. आई म्हणते, "दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं." वाड्याच्या दोन सागवानी चौकटी माळ्यावर पडून आहेत. त्या याला लावता येतील का? सुतार म्हणतो, हे काढून टाका, प्लायमध्ये नवं करू.

उत्तर:
ताई, काढून अजिबात टाकू नका. आम्ही सांगलीला परतल्यावर गावभागातल्या घरी हेच केलं. बिली १९७९ पासून निघतंय. ८० सेंटिमीटर रुंद, २०२ उंच, २८ खोल. माप ठरलेलं, त्यामुळे जुनं लाकूड बेतणं सोपं जातं. पण आत भुशाचा बोर्ड आहे, हे सुताराला आधीच सांगा. सागवानाच्या सवयीने कडेला खिळा ठोकला की बोर्ड फुटतो, आणि काढलेला स्क्रू त्याच भोकात पुन्हा घट्ट बसत नाही. म्हणून चौकटीचा भार कपाटावर टाकायचाच नाही. चौकट जमिनीवर उभी करून लोखंडी पट्टीने भिंतीला धरा, कपाटही मागून भिंतीला बांधा. मधल्या फटीत सागाची पट्टी.

मागचा पातळ हार्डबोर्ड सुतार "हा कशाला?" म्हणून काढू बघेल. काढू देऊ नका, त्यानेच कपाट काटकोनात राहतं. आम्ही त्यावर आईच्या विटलेल्या इरकलीचा तुकडा ताणून चिकटवला. पुस्तकांच्या मधून काठ दिसतो, फार गोड दिसतं.

रंग द्यायचा तर २२० नंबरच्या काचपेपरने फक्त चमक घालवा, मग लाखेचा प्रायमर, मग ऑइलपेंट. थेट रंग धरत नाही.

आणि खाली कडप्प्याच्या पट्ट्या घालाच. फरशी पुसतानाच्या पाण्यानेही बोर्डाची कड फुगते, ती पुन्हा बसत नाही. २०१९ च्या पुरानंतर आमच्या गल्लीत बोर्डाचं फर्निचर उकिरड्यावर गेलं. सागवानी चौकटी धुऊन, सावलीत वाळवून लोकांनी परत लावल्या.

पुन्हा:
दादा, खूप आभार. बाबांनी मोजलं. चौकट आतून ७४ रुंद आहे, बाहेरून उंची १८८. चालेल?

उत्तर:
चालेल. कपाट आतून साधारण ७६ आहे, म्हणून चौकट दोन्ही बाजूंना सेंटिमीटरभर आत येईल, पण कपाटाची फळी तिरकी करून काढता येते. वर १४ सेंटिमीटर उरतात, तिथे गणेशपट्टी बसवा. जुनी मिळाली नाही तर त्याच सुताराकडून सागात कोरून घ्या.