मदत हवी आहे : फ्रेंच ‘आवेत’ला मराठीत काय म्हणू?

सोळाव्या शतकातल्या एका फ्रेंच कवितेचा अनुवाद करते आहे. तिच्यात मधमाशीला ‘आबेय’ऐवजी ‘आवेत’ म्हटलंय, तिथेच अडले.

आतापर्यंत जमवलेलं असं: लॅटिन ‘आपिस’ झिजत झिजत जुन्या फ्रेंचमध्ये ‘एफ’ झालं, मग नुसतं ‘ए’ उरलं. एवढासा शब्द टिकणार कसा? आजचं ‘आबेय’ दक्षिणेतल्या ऑक्सितान भाषेतून आलं; त्याचं मूळ ‘आपिकुला’, म्हणजे इवलीशी मधमाशी. ‘आवेत’ पश्चिमेकडचं, आंजू भागातलं. आणि उत्तरेला ‘मूश आ म्येल’, म्हणजे मधाची माशी, शब्दशः आपली मधमाशीच! हे सापडलं तेव्हा फार आनंद झाला.

जिल्येरों आणि एदमों यांचा १९०२-१० चा बोलींचा नकाशासंग्रहही पाहिला. ६३९ ठिकाणचे शब्द आहेत त्यात, पण शब्द कुठला ते कळतं, कानाला कसा लागतो ते नाही. तळटीप देता येणार नाही, आणि ‘भ्रमर’ नको, तो भुंगा.

पश्चिम फ्रान्समध्ये राहिलेल्या कुणी सांगाल का: ‘आवेत’ तिथल्या माणसाला गावाकडचा, घरातला शब्द वाटतो, की फक्त कवितेतला? म्हणजे मी ‘मोहोळमाशी’ लिहू की ‘मधुमक्षिका’?