कॅमकॉर्डर घेताना तुम्ही काय पाहिलंत? अनुभव सांगा

तिसरी घंटा
आमची मिरजेची हौशी नाट्यसंस्था. राज्य नाट्य स्पर्धेच्या निमित्ताने वर्षाला एक नाटक बसतं, मोजके प्रयोग होतात आणि ते हवेत विरून जातं. यंदा संस्थेसाठी कॅमकॉर्डर घ्यायचं ठरलंय. कॅटलॉगमधले आकडे वाचून झालेत, दुकानदाराचं भाषणही ऐकून झालंय. मला हवंय ते असं, की तुम्ही कशासाठी घेतलात, कुठे वापरलात, तिथे काय उपयोगी पडलं आणि काय नुसतंच खोक्यावर छापलेलं निघालं. नाटकाचाच अनुभव पाहिजे असं नाही. लग्न, बारसं, पक्षी, कीर्तन, काहीही चालेल. 'फोन असताना हे कशाला' असं वाटत असेल तर तेही लिहा, पण कारणासकट.

फोनच बरा
मग माझ्यापासूनच सुरुवात. मुलीचं भरतनाट्यम् पाच-सात मिनिटांचं असतं, बसायला पुढची रांग मिळते. आजचा बरा फोन तिथे स्वस्त कॅमकॉर्डरपेक्षा सरस ठरतो, कारण सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी आतली चिप. सोनीच्या सीएक्स४०५ सारख्या छोट्या हँडीकॅममध्ये ३०x ऑप्टिकल (लेन्सचा खरा) झूम आहे, पण सेन्सर १/५.८ इंची प्रकारातला, म्हणजे चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याहून बराच लहान. कमी उजेडात त्याच्यावर दाणे दिसणारच.

विंगेतला
फोनच बरा, सेन्सरबद्दल सहमत. पण फोन तिसऱ्या अंकापर्यंत टिकवून दाखवा. तापतो, मेमरी भरते आणि ऐन प्रवेशात कुणाचा तरी फोन येतो.

तिसरी घंटा, माझं हेच काम आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

ऑटो मोडची सगळ्यात जास्त फजिती नाटकात होते. मंचावर चोहीकडे काळोख, मधे एक उजळलेला चेहरा. कॅमेरा सरासरी काढतो, काळोख उजळवायला जातो आणि नटाचा चेहरा पांढराफटक पडतो, नाक-डोळे गायब. म्हणून एक्स्पोजर (किती उजेड घ्यायचा ते) आणि फोकस दोन्ही हाताने लावता आले पाहिजेत, आणि तेही लेन्सभोवतीच्या रिंगने. टचस्क्रीनच्या मेनूत चार पायऱ्या उतरेपर्यंत प्रकाशयोजना बदललेली असते. फोकस ऑटोवर ठेवला तर प्रवेशाच्या शेवटी काळोख झाला की तो पुढे-मागे चाचपडत राहतो आणि पुढच्या प्रवेशाची सुरुवात धूसर येते. मी पडदा उघडल्यावर नेपथ्यावर फोकस लावतो आणि तिथेच लॉक करतो. बाल्कनीतून शूट करताना तेवढं पुरतं.

झूमचं गणित जागेवरून करा. पुढून शूट करू देणार नाहीत, प्रेक्षक ओरडतात. शेवटच्या रांगेतून एकट्या नटाचा कमरेपासून वरचा शॉट घ्यायला १२x ते २०x ऑप्टिकल पुष्कळ. त्यापुढचा '२५०x', '३५०x' डिजिटल झूम म्हणजे आहे तेच चित्र ताणणं. मेनूत जाऊन पहिल्या दिवशीच बंद करून टाका. मात्र एक बघा, झूम पूर्ण ताणला की बहुतेक लेन्सचं छिद्र लहान होतं आणि नेमका क्लोजअप अंधारा येतो. त्यासाठी सेन्सर मोठा हवा. १ इंची सेन्सर, १२x झूम आणि एक्सएलआर (व्यावसायिक माइकची तीन पिनांची खाच) असा सोनीच्या एचएक्सआर-एनएक्स१०० सारखा कॅमेरा नाटकाला चांगला बसतो, पण वजन आणि किंमत दोन्ही घरगुती नाहीत.

आता आवाज. कॅमेऱ्यावरचा माइक शेवटच्या रांगेत असतो, तेव्हा तो आधी शेवटची रांगच ऐकतो: खोकला, वेफर्सचं पाकीट, एसीचा घुमारा. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्याशी आदल्या दिवशी दोस्ती करा आणि मिक्सरमधून लाइन घ्या. मिक्सरचा सिग्नल लाइन पातळीचा असतो, माइकपेक्षा कित्येक पटींनी जोरकस. तो सरळ कॅमेऱ्याच्या माइक जॅकमध्ये घातला तर आवाज फाटतो. म्हणून कॅमेऱ्यावर माइक/लाइन असा खटका असलेला एक्सएलआर हवा, नाहीतर मधे सिग्नल उतरवणारा अ‍ॅटेन्युएटर लावायचा. वर म्हटलेल्या सीएक्स४०५ ला बाहेरचा माइक जोडायची सोयच नाही, सोनीच्याच एएक्स५३ ला माइक आणि हेडफोन दोन्ही जॅक आहेत. हेडफोनच्या जॅकशिवाय कॅमेरा घेऊ नका, बाकी कशावरही तडजोड करा.

राहिली वेळ. अनेक फोटो कॅमेरे २९ मिनिटं ५९ सेकंदांनी रेकॉर्डिंग थांबवतात. यामागे तंत्र कमी, जकात जास्त: युरोपात सलग ३० मिनिटं रेकॉर्ड करणाऱ्या कॅमेऱ्याला 'व्हिडिओ कॅमेरा' ठरवून जादा आयातशुल्क लागत असे, ते टाळायला कंपन्यांनी ही मर्यादा घातली. नव्या मॉडेलांपैकी पुष्कळांवर ती नाही, तरी घेण्याआधी विचारा. कॅमकॉर्डर अडॅप्टरवर लावला की कार्ड भरेपर्यंत चालतो. कार्डाच्या दोन खाचा असतील तर एक भरल्यावर दुसरं आपोआप सुरू होतं.

नाशिकची आजी
मला वरचं निम्मं कळलं नाही, तरी लिहिते. हात थरथरतो म्हणून लेकाने एएक्स५३ आणून दिला. त्यात लेन्स आणि सेन्सर मिळून अख्खा डोळाच आत तरंगतो म्हणे. पट्ट्यात हात अडकवून नातीच्या मागे अंगणभर फिरते, चित्र हलत नाही. स्क्रीन उघडला की चालू, मिटला की बंद, हे फार सोयीचं. वजन मात्र बॅटरीसकट अर्ध्या किलोच्या वर आहे, मनगट भरून येतं. दुकानात उभ्या उभ्या हातात घेऊन पाहू नका, तिथे स्टूल मागा आणि घटकाभर धरून बसा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे.

कराडचा शूटिंगवाला
आजी, एक नंबर!

आमच्या धंद्यात वेगळंच शास्त्र असतंय. वडलांच्याकडं पॅनासॉनिकचा एम९००० होता, व्हीएचएसचा, खांद्यावरचा. त्यानंतर सोनीचा मिनीडीव्हीचा (छोट्या डिजिटल कॅसेटचा) पीडी१७०, मग सोनीचाच खांद्यावरचा एमसी२५००, आता मिररलेस (लेन्स बदलायचा फोटो कॅमेरा). चित्र दर वेळी सुधारलं, पण मान उतरत गेला. खांद्यावर कॅमेरा असला की मांडवात गर्दी आपोआप सरकती. हातात छोटा घेऊन गेलं की नवरीचा मामा विचारतोय, "तुम्ही मुलाकडचे का?" एमसी२५०० मोठा दिसतोय तो निम्मा यासाठीच, असं माझं स्पष्ट मत आहे. आतला सेन्सर १/४ इंची.

लग्नाचं शूटिंग करणाऱ्यानं ऑटोफोकसवर अक्षता टाकून बघाव्यात. अंतरपाट खाली आला, अक्षता उडाल्या, की कॅमेरा अक्षतांच्या मागं लागतोय आणि नवरा-नवरी धुरकट. होमाच्या धुरातबी तेच. फोकसची रिंग पाहिजेच, विंगेतला बोलले ते खरं.

कार्डाचा हिशोब सांगतो. एव्हीसीएचडी (कॅमकॉर्डरचा एचडी फॉरमॅट) २८ एमबीपीएसला, म्हणजे सेकंदाला २८ मेगाबिटला, तासाला साधारण साडेबारा जीबी, म्हणजे ६४ जीबीत पाच तास. ४के १०० एमबीपीएसला तासाला ४५ जीबी! आख्खं लग्न ४के मध्ये काढायची हौस असंल तर हार्डडिस्कचे पैसे पार्टीकडनं आधी घ्या. आणि एव्हीसीएचडीचं रेकॉर्डिंग लांब झालं की त्याचे तुकडे पडतात. नुसत्या फायली उचलून जोडल्या तर सांध्यावर मंगलाष्टकाचा शब्द खाल्ला जातोय. कार्डावरचा सगळा फोल्डर जसाच्या तसा कॉपी करायचा आणि कंपनीच्या सॉफ्टवेअरमधनं काढायचा.

पाणपक्षी
भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) बघायला जाणाऱ्यांसाठी एवढंच: लहान सेन्सर इथे फायद्याचा, कारण छोट्या अंगात लांब झूम बसतो आणि उजेडाला तोटा नसतो. पण होडीत ट्रायपॉडचा उपयोग शून्य, तिथे चित्र स्थिर ठेवणारं स्टॅबिलायझेशनच तारतं. सकाळी नऊनंतर पाण्यावरची हवा तापून थरथरायला लागते, मग कितीही महाग लेन्स आणा.

एडिसनकर
भारतातून दर वेळी फर्माईश येते, "येताना तिकडून कॅमेरा आण, स्वस्त पडेल." आणू नका. अमेरिकेतली वीज ६० हर्ट्झची, आणि इथले घरगुती कॅमकॉर्डर त्या हिशोबाने सेकंदाला ३० किंवा ६० चित्रं घेतात. भारतात ५० हर्ट्झ. गिरगावात मावसभावाची मुंज काढली तर कार्यालयातल्या ट्यूबलाइटखाली चित्रभर पट्टे सरकत होते. शटर १/१०० सेकंदाला बांधलं की ते जातात, पण चित्र अंधारतं. व्यावसायिक कॅमेऱ्यांत ५० आणि ६० मेनूतून बदलता येतं, घरगुतींपैकी अनेकांत ती सोय नसते. शिवाय इथली वॉरंटी तिकडे चालेलच असं नाही.

इथे मंडळाच्या गणेशोत्सवात मात्र तोच कॅमेरा सुरेख चालतो.

कोकणी मीठ
नवा घेण्याच्या नादात जुना कॅसेटवाला भंगारात देऊ नका! मिनीडीव्हीची कॅसेट बघायला मिनीडीव्हीचंच यंत्र लागतं. तासाभराची कॅसेट संगणकावर साधारण १३ जीबी होते, त्यासाठी फायरवायर पोर्ट (व्हिडिओ संगणकात घ्यायची जुनी खाच) लागतो आणि तो आताच्या लॅपटॉपांवर नसतो. Hi८ च्या (त्याआधीच्या अ‍ॅनालॉग) कॅसेट असतील तर डिजिटल८ चे (तशाच कॅसेटवर डिजिटल रेकॉर्ड करणारे) काही कॅमकॉर्डर त्या वाचतात आणि फायरवायरने बाहेरही काढतात.

आमच्याकडे मालवणला पावसाळ्यात कॅसेटवर बुरशी धरते, पांढरी जाळी दिसली तर यंत्रात घालू नका, हेड खराब होईल. एसी गाडीतून उतरून लगेच कॅमेरा चालू केला की कॅसेटवाले कॅमेरे आत दव धरल्याची खूण दाखवून संपावर जात. कार्डवाल्यांत टेप नाही, पण काचेवर बाष्प येतंच. पिशवी बंद ठेवून अर्धा तास थांबायचं.

तिसरी घंटा
सगळ्यांचे आभार. संस्थेच्या खजिनदारांना एनएक्स१०० ची किंमत सांगितली, ते अजून काही बोललेले नाहीत. वापरलेला घेण्याचा अनुभव कुणाला आहे का?

विंगेतला
मी वापरलेलेच घेतो. लेन्सवर झाकण ठेवून गेन (सेन्सरच्या सिग्नलची वाढ) पूर्ण वाढवा आणि स्क्रीन बघा. कायम चमकणारे ठिपके दिसले तर तेवढे पिक्सेल गेलेले. लेन्समध्ये टॉर्चचा उजेड तिरका मारा, कोळिष्टकासारखं काही दिसलं तर बुरशी, सोडून द्या. स्क्रीन दहा-बारा वेळा उघडा, मिटा, फिरवा. बिजागरीतली केबल तुटायला आली असेल तर चित्र लुकलुकतं. दोन्ही खाचांत कार्ड घालून रेकॉर्डिंग करून बघा. एक्सएलआरमध्ये माइक खोचून वायर हलवा, खरखर यायला नको. कंपनीची मूळ बॅटरी आणि अडॅप्टर मागून घ्या, विकणारे नेमके तेच स्वतःकडे ठेवतात.

आणि पैसे देण्याआधी तो कॅमेरा एका संध्याकाळी तुमच्या तालमीला नेऊ द्या म्हणावं. नाही म्हणाला तर का नाही म्हणतोय ते कळलंच.