काळ्या लॅबच्या (लॅब्रॅडॉरच्या) पिल्लाला रॉटवायलरसारख्या भुवया, प्युअर आहे का हे?

काळूचीआई:
आमची लॅब पहिल्यांदाच व्याली, बापही काळा लॅब, दोघांचे जातीचे पेपर्स आहेत. ७ पिल्लं झाली, ६ काळीभोर पण एकाच्या डोळ्यांवर तपकिरी ठिपके, गालांवर छातीवर पायांवर पण तोच रंग, आणि छातीवर एक बारीक पांढरा डाग. बापाचा मालक म्हणतोय तुमची कुत्री बाहेर लागली असणार. अहो हीटवर असताना तिला नजरेआड होऊच दिलं नव्हतं!

बंड्या०७:
मिक्स आहे सरळ. लॅबमध्ये रंग तीनच, काळा पिवळा चॉकलेटी. विषय संपला.

शेपूटवाला:
विषय असा संपत नाही बंड्या. टॅन पॅटर्नचा, म्हणजे अशा तपकिरी ठिपक्यांचा जीन बऱ्याच लॅबमध्ये आत असतोच, फक्त वर दुसरा एक जीन बसलेला असतो जो सगळं अंग एकसारखं काळं करतो, म्हणून तो टॅन दिसत नाही. या वरच्या जीनच्या दोन कॉपी असतात, त्यातली एक जरी चालू असली तरी कुत्रं पूर्ण काळं. दोन्ही बंद मिळाल्या की खालचा टॅन उघडा पडतो. म्हणजे आई बाप दोघंही दिसायला काळे पण प्रत्येकाकडे एक बंद कॉपी असेल तर साधारण चारातल्या एका पिल्लाला दोन्ही बंद येऊ शकतात. पिवळ्या लॅबमध्ये तर हे कळतच नाही, त्यांच्या केसात काळा रंग तयारच होत नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या गुपचूप पुढे जातं. एक बंद कॉपी तुमच्या कुत्रीकडून आलीय हे नक्की, दुसरी बहुतेक त्या मालकाच्याच कुत्र्याची 😄

रिंगमास्तर:
+१. जातीच्या नियमात न बसणाऱ्या अशा रंगाला मिसमार्क म्हणतात. शोमध्ये काळा-टॅन लॅब बाद होतो, बाकी तब्येतीला काही नाही. पांढऱ्या डागाचं तर टेन्शनच नको, पिल्लू आईच्या पोटात असताना रंगाच्या पेशी पाठीकडून खाली सरकत येतात आणि छातीपर्यंत, पंजांपर्यंत सगळ्यात शेवटी पोचतात, कमी पडल्या की तेवढी जागा पांढरी राहते. छातीवरचा छोटा डाग जातीच्या स्टँडर्डमध्ये (नियमांत) चालतो. पंजाच्या मागे पांढरे केस असतील तर त्याला बोलो पॅड म्हणतात, बँचरी बोलो नावाच्या जुन्या चॅम्पियन लॅबवरून.
मात्र एका वेळच्या पिल्लांना (लिटरला) दोन बाप असू शकतात हेही खरं, म्हणून आई, बाप आणि पिल्लू तिघांची डीएनए टेस्ट करा, भांडण मिटेल. आणि कोणी "रेअर कलर" म्हणून जास्त पैसे देऊ केले तर त्याला ब्रीडिंगसाठी देऊ नका प्लीज.

काळूचीआई:
थँक्यू सगळ्यांना, आत्ताच पिल्लू उलटं करून बघितलं, मागच्या पंजाला खरंच पांढरे केस आहेत!! टेस्टचं विचारलं तर बापाचा मालक म्हणतो विचार करून सांगतो. पिल्लाचं नाव बोलो ठेवलंय.

बंड्या०७:
बरं बाबा, माझे शब्द मागे. फोटो टाका बोलोचा.