म्युझियममधल्या घोंगडीच्या गेममध्ये स्कोअर कशाचा द्यावा?

अर्धवट_डिझायनर:
नमस्कार मंडळी. आमच्याकडच्या एका छोट्या म्युझियमसाठी पोरांचा गेम करायलो, विषय घोंगडी. टचस्क्रीनवर मेंढी कातरायची, लोकर पिंजायची, सूत कातायचं, मागावर विणायचं, की झाले पॉइंट. टेस्टिंगला पोरं आणली तर ९० सेकंदात ६ घोंगड्या विणून मोकळी! भिंतीवर मोठ्या अक्षरात 'पर्यावरणपूरक कला' लिहिलंय त्याकडं कुणी बघितलं पण नाही. आधी पैठणी घेणार होतो, पण रेशीम बंगळुरूकडचं, जरतार सुरतेची, म्हणलं कोणी बोट दाखवलं तर काय सांगू, म्हणून घोंगडी. लोकर दख्खनी मेंढीची, रंग मेंढीच्या अंगावरचाच. आता स्कोअर कशाचा देऊ?

झेडपी_गुरुजी:
सर, स्क्रीन एकच असंल तर आधी ते बघा. आमची सहल म्हणजे ४० पोरं, दोन दांडगी पुढं घुसतात, बाकीची एकमेकाच्या झिंज्या ओढतात. त्यात लाईट गेली की संपलंच. टेबलावर खरी लोकर ठेवा, काट्याकुसळासकट. निवडू द्या हातानं. पाच मिनिटात मूठभर पण साफ होत नाही, मग कळतंय.

सनगराची_नात:
दादा, तुमच्या गेममध्ये खळच नाही की, सुताला कडकपणा द्यायची ती चिकी! चिंचोके भाजून साल काढायची, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, मग ती लापशीसारखी खळ ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, कुंच्यानं द्यायची. आमचे आजोबा गल्लीत ताणा ताणून उन्हात वाळवायचे आन आभाळ आलं की आजी, काकू, आम्ही पोरं सगळे पळत सुटायचो गुंडाळायला. एकदा भिजला तर पुन्हा खळ, पुन्हा ऊन, दोन दिवस गेले. गेममध्ये मधेच ढग येऊ द्या ना, काम थांबलं पाहिजे. आन नवी घोंगडी टोचती, वापरून वापरून मऊ होती, हे पण कुठंतरी येऊ द्या. स्कोअर किती विणल्या याचा कशाला, एक घोंगडी किती वर्षं चालली याचा द्या.

पैठणगेटवाला:
भाऊ, पैठणीला उगंच काढलं. रेशीम बाहेरून येतंय तर येऊ द्या, तेच पोरांना विचारा की कोणती वस्तू कुठून आली. लपवायचं कशाला? घोंगडीचा पण हिशोब पूर्ण करा, शेवटी विकायला लावा. शेजारी मिलचं सिंथेटिक ब्लँकेट ठेवा, स्वस्त. गिऱ्हाईक तेच उचलतंय आन विणकराच्या हातात किती राहिलं ते दिसू द्या. खरं सांगतो, आमच्या घरात पण ब्लँकेटच आहे. आन पैठणीचा एक खेळ फुकटात देतो: हातमागाची उलटून बघा, पदराची नक्षी मागून पण तशीच दिसती. पॉवरलूमच्या नकलेला मागं सुटे धागे लोंबतात. पोरांना फक्त उलटायला द्या.

अर्धवट_डिझायनर:
उलटायची आयडिया घेतली! लाकडी चौकटीत दोन तुकडे, लाईट असो नसो. ताई, ढग टाकतो, पण सारखे आले तर पोरं रडतील, एका खेळात दोनदा ठीक का? आन ती खळ म्युझियममध्ये शिजवू द्यायचेत का नाही ते विचारावं लागंल.

सनगराची_नात:
दोनदा बास. खळ मी घरून करून आणते, पण हात धुवायला पाणी ठेवा, लई चिकट असती.